हेन्डरसनमधलं हातपंपाचं टेंडर

ऑकलंडच्या विमानात बसलो तेव्हा माझ्या सामानात कपडे कमी आणि बिडाचं लोखंड जास्त होतं. मी निघालो होतो आफ्रिकेतल्या चिनी गुंतवणुकीवरच्या परिसंवादाला. ऑकलंडच्या पश्चिमेला हेन्डरसनमध्ये राहणाऱ्या मिलिंद साठे या मित्राने पुण्याहून 'बाबांचा एक छोटा पार्ट' आणायला सांगितला होता. तो पार्ट म्हणजे अख्खा हातपंप निघाला.

ऑकलंड विमानतळावर जैवसुरक्षा अधिकाऱ्याने बॅग उघडली. लोखंडाबद्दल त्याची तक्रार नव्हती. पंपाच्या सहा जादा चामडी वायसरांकडे मात्र तो बराच वेळ पाहत राहिला. चामडं कोणाचं, कमावलेलं आहे का, मी अलीकडे शेतात गेलो होतो का, असं त्याने विचारलं. शेवटी 'स्वीट ॲज' (इथल्या बोलीत: ठीक आहे) म्हणून त्याने मला सोडलं. म्हशीबद्दल इतकी माहिती मी यापूर्वी कोणाला दिली नव्हती.

मिलिंदचे वडील, साठेकाका, दारातच उभे होते. त्यांनी आधी पंपाची विचारपूस केली, मग माझी. तीस वर्षं त्यांनी टांझानियात एका भारतीय कंपनीचे हातपंप विकले. शेवटच्या आठ वर्षांत एकही टेंडर मिळालं नाही. सगळी एका चिनी कंपनीने नेली. आता गल्लीच्या टोकाच्या सामुदायिक बागेला पावसाच्या पाण्याच्या टाकीवर पंप हवा होता. अर्ज दोन आले होते. दुसरा समोरच्या घरातल्या लिऊंचा. टांझानियातल्या त्याच चिनी कंपनीतून ते निवृत्त झाले होते.

"हे माझं शेवटचं टेंडर," काका म्हणाले. "पुढच्या महिन्यात व्हिसा संपतो."

संध्याकाळी काकांबरोबर डेअरीत (कोपऱ्यावरच्या दुकानात) दूध आणायला गेलो, तर लिऊ तिथेच होते. लिऊंना इंग्रजी बेताचं येतं, काकांना चिनी अजिबात नाही. त्यामुळे दोघं स्वाहिलीत भांडले. दुकानदाराला याची सवय असावी. त्याने दोघांचं दूध वेगवेगळ्या टोकांना ठेवलं.

परिसंवाद आटोपल्यावर, शनिवारी बागेत बैठक झाली. बागेच्या अध्यक्ष नेमा मूळच्या टांझानियाच्या, इथे परिचारिका. त्यांनी मांडाझी (फुगलेली, कमी गोड शंकरपाळी म्हणता येईल) आणली होती. लिऊंनी वाफवलेले मोदकासारखे तिखट डम्पलिंग आणले. काकांनी काही आणलं नव्हतं. टेंडरला खाऊ नेत नाहीत, असं त्यांचं मत आहे.

काका वीस मिनिटं बोलले, त्यातली पंधरा वायसरवर. लिऊंनी फक्त एक नकाशा उलगडला. त्यात पंप होताच. शिवाय फाटकापासून टाकीपर्यंत सिमेंटची वाट आणि छपराखाली बाक. सगळं फुकट. बदल्यात कुंपणाकडचा उन्हाचा वाफा वीस वर्षांसाठी, लसणाच्या पातीला.

"बघ," काका मला मराठीत म्हणाले, "तिथेही हेच. आम्ही पंप घेऊन गेलो, हे रस्ता घेऊन आले. पंपाशी पंपाची तुलनाच होऊ देत नाहीत."

नेमाबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि स्वाहिलीत निकाल दिला. समजलं नाही म्हणायची सोय राहिली नाही. मला मिळाला तो काकांचा नाराज अनुवाद. वाट आणि बाक लिऊंचे. पंप साठ्यांचा. वाफा एका हंगामासाठी, पुढचं पुढे. लिऊ काही बोलणार तोच त्यांच्या हातात आणखी एक मांडाझी आली.

मग बाई काकांकडे वळल्या. पुढचंही स्वाहिलीतच झालं; मला ते काकांनी नंतर सांगितलं. "म्झे साठे (म्झे म्हणजे वडीलधारे), आमच्या गावात तुम्हा दोघांचेही पंप होते. बंद पडले तेव्हा कोणीच आलं नाही. हा बिघडला तर कोण येणार? माणूस नसेल तर पंपही नको."

पंप बिघडेल तेव्हा काका पुण्यात असणार होते.

लिऊंनी हात वर केला. "मिमी (मी). यांना हरवायला यांचा पंप मी कितीदा खोललाय."

"काय सापडलं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. म्हणून तर रस्ता आणावा लागला."

काकांनी सहाही वायसर लिऊंच्या हातावर ठेवले आणि ते कसे बसवायचे ते, गरज नसताना, पुन्हा समजावलं. दुपारी पंपाला पाणी आलं.

परिसंवादातली टिपणं मी परतीच्या विमानात चाळली. चीन काय देतो यावर पानंच्या पानं होती. घेणारे कसं घासाघीस करून घेतात यावर दोन ओळी. नेमाबाईंचा निकाल मी खाली लिहून घेतला.

काका परतल्यावर त्यांना कोथरूडला भेटायला गेलो. तेवढ्यात लिऊंचा व्हिडिओ कॉल आला. पंप आवाज करतोय, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या मागे नेमाबाई पंप मारत होत्या आणि बादलीत धो धो पाणी पडत होतं. काकांनी ते पाहिलं. मग त्यांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि गंभीरपणे विचारलं, "कसा आवाज? नीट, सावकाश सांग."