दहा दिवसांचा गुंता

माझ्या मेहुणीचा हात पोरीच्या केसांत गेला आणि तिथंच अडकला. बांगडीला केस गुंतले. पोरगी ओरडली, मेहुणीनं हात ओढला, पोरगी आणखी मोठ्यानं ओरडली. शेवटी मी कात्री आणून बांगडीजवळची बट कापली तेव्हा हात सुटला. माझ्या बायकोला जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.

मेहुणी म्हणजे बायकोची थोरली बहीण. डभोईला राहायची. छोट्या रुळांच्या गाडीनं प्रतापनगर स्टेशनला उतरून आमच्या रेल्वेच्या क्वार्टरवर आली होती, भाचीला बघायला. बघितलं आणि बांगडीला चिकटलेली बट सोडवत माझ्यावरच आली.

"भावजी, हे काय करून ठेवलंय? पोरीचं डोकं आहे का घरटं?"

"सुतकात तेल-फणी करायची नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना, ताई."

"दहा दिवस सांगितलं होतं. आज कितवा दिवस आहे?"

दहा दिवस आम्ही सगळ्यांनीच पाळले. मी पाळले, मेहुणीनं पाळले. सरळ केसांचं दहा दिवसांत काय होणार? तेलकट होतात, एवढंच. पण पोरीचे केस आईसारखे कुरळे, दाट, कमरेपर्यंत. त्यात ती दहा दिवस उशीत तोंड खुपसून रडत होती. रडून रडून मागचे केस एकमेकांत बसले, चटईसारखे. अकराव्या दिवशी मी फणी हातात घेतली, ती दोन बोटं आत गेली आणि थांबली. तेव्हापासून मी रोज 'उद्या बघू' म्हणत होतो.

मेहुणीनं चहाही घेतला नाही. म्हणाली, "हा रविवार सोडून पुढच्या रविवारी येते. शाळा उघडायच्या आत. डोकं असंच दिसलं तर पोरगी माझ्याबरोबर. डभोईच्या शाळेत नाव घालते. आणि पहिल्यांदा हे सगळं बारीक कापून टाकते."

"केसांवरून पोरगी नेता?"

"केसांवरून नाही. आज केस आहेत. दोन-चार वर्षांनी ती मोठी होईल, तेव्हा कोणाला सांगेल? तुम्हाला? घरात बाईमाणूस नाही. जो बाप डोकं बघू शकत नाही, तो बाकीचं काय बघणार?"

आजही वाटतं, बाई बोलली ते खोटं नव्हतं.

पोरगी तेव्हा नऊ वर्षांची. मावशी गेल्यावर दाराची कडी लावून आली आणि म्हणाली, "मी नाही जाणार. आणि केस नाही कापायचे. आईचे आहेत."

"तुझे आहेत."

"आईसारखे आहेत," ती म्हणाली. तिचं खरं होतं. आमच्या घरात बायकोचा फोटो एकच होता, लग्नातला, आणि त्यात डोक्यावर पदर. ते केस बघायचे तर पोरीच्याच डोक्यावर.

माझ्या हातात तेरा दिवस होते. मी सातवी शिकलेला माणूस, वर्कशॉपमध्ये फिटर. सकाळी आठला आत, संध्याकाळी पाचला बाहेर. दिवसभर पोरगी शेजारच्या गुजराती बेनकडे. म्हणजे संध्याकाळ तेवढी माझी.

पहिल्या दिवशी मी कोरडे केस वरून विंचरायला घेतले. फणीचे तीन दात तुटले, पोरीच्या डोळ्यांतून पाणी, आणि सुटलं काही नाही. दुसऱ्या दिवशी खोबरेल तेलाची अर्धी बाटली ओतली. वाटलं, तेलानं सुटेल. तेल मानेवर आलं, फ्रॉकवर आलं, उशी खराब झाली. केस वरून नुसते चकचकीत, आत गाठ होती तशीच. तिसऱ्या दिवशी ते तेल काढायला शाम्पू. त्या वर्षांत दुकानादुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. टीव्हीवर बायका मान हलवायच्या आणि केस पाण्यासारखे सरळ पडायचे. मी चार पुड्या आणल्या, चारही वापरल्या. वाळल्यावर केस काथ्यासारखे फुलले आणि गाठी आणखी आवळल्या.

शेजारची बेन जीव लावणारी बाई. तिनं ते डोकं बघितलं आणि म्हणाली, "भाई, शाम्पू ना नखाय. चणाना लोटथी धोवडावो. मारी छोकरीना वाळ जुओ ने." तिच्या पोरीचे वाळ, म्हणजे केस, खरंच सुंदर होते. पण सरळ होते, हे ना तिच्या डोक्यात आलं ना माझ्या. मी बेसन कालवलं, चांगलं चोळलं, आणि वरून कढत पाणी घातलं. कढत पाण्यानं बेसन शिजलं. पोरीच्या डोक्यात पिठलं झालं. दोन संध्याकाळी मी नखानं पिठाचे कण काढत बसलो. पोरगी मध्येच हसायला लागली, मग रडायला लागली, मग म्हणाली, "बाबा, जिरं-मोहरी राहिलं."

त्यावर मला हसू आलं नाही. सहा दिवस गेले होते.

सातव्या दिवशी मी कामावरून आलो आणि कात्री काढली. ठरवून आलो होतो. मनात म्हटलं, मागची चटई कापून टाकू, वरचे केस त्याच्यावर पाडू, मेहुणीला कळणार नाही. पोरीला मोरीजवळ पाटावर बसवलं. तिनं कात्री बघितली. पळाली नाही, रडली नाही. पाठ करून बसली आणि मान खाली घातली. कात्री मी गाठीला लावली. तेवढ्यात ती म्हणाली, "आई पाण्यात करायची."

"काय?"

"विंचरायची पाण्यात. कोरडं नाही."

माझा हात थांबला. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही कुठं विचारलंत?"

"आणखी काय करायची?"

"मला काय माहीत? माझी तर पाठ असायची."

हे मी कधी विसरणार नाही. दर रविवारी त्या मोरीत मायलेकी दोन दोन तास असायच्या, आणि मी बाहेर पेपर घेऊन ओरडायचो, झालं की नाही, मला आंघोळ करायची आहे. बारा वर्षांच्या संसारात एकदाही आत डोकावून बघितलं नाही की ही करते काय. बघणारी एक पोरगी, तर तिची पाठ.

कात्री मी खिडकीत ठेवली. म्हटलं, "डोळे मीट. आई मागं बसली आहे असं समज. पहिलं काय व्हायचं?"

तिनं डोळे मिटले. हळूहळू सांगायला लागली. पहिल्यांदा पाणी, खूप वेळ, केस जड होईपर्यंत. मग बोटं. फणी नाही. बोटं खालून, टोकाकडून. मग तेल, पण थोडं, आईच्या तळहातावर रुपयाएवढं, आणि तेही ओल्या केसांवर. मग मोठ्या दातांची फणी. मग ते चिकट.

"कसलं चिकट?"

"शेंबडासारखं. गार लागायचं. त्याचा वास नाही यायचा काही."

"मग टॉवेल?"

"टॉवेल नाही. टॉवेलला आई शिव्या द्यायची. तुमचं बनियन."

आता हे बनियनचं सांगायला पाहिजे. माझी बनियनं घरातून गायब व्हायची. जरा कुठं काखेत विरलं की दुसऱ्या दिवशी नाही. मी यावरून भांडायचो. एकदा तर शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात विचारलं होतं, "बनियनं खातेस काय?" ती म्हणाली, "खाते. मीठ कमी असतं." आणि हसत आत गेली. मला वाटायचं, भांडीवाल्या बाईला देत असेल.

तिची पेटी मी तोवर उघडली नव्हती. त्या संध्याकाळी उघडली. साड्यांच्या खाली माझी सात बनियनं होती, धुऊन, घडी करून. विरलेली, मऊ. बाजूला पत्र्याच्या डब्यात जवस. जवस मला चटणीचं माहीत. चटणी स्वयंपाकघरात असते, पेटीत नाही, एवढं मला कळलं.

मी बराच वेळ पेटीपाशी बसलो. मग उठलो, कारण सहाच दिवस राहिले होते.

जवस भिजलं की बुळबुळीत होतं, ते चिकट याचंच असणार म्हणून उकळलं. पहिल्या खेपेला इतकं उकळलं की त्याचा गोंद झाला, फडक्यातून खाली येईना. फडकं पिळता पिळता बोटं भाजली. दुसऱ्या खेपेला अंड्याच्या पांढऱ्यासारखं दिसायला लागलं की उतरवलं आणि गरम असतानाच गाळलं. पोरीनं बोट बुडवलं. "हेच."

तेलाचं मात्र माझ्या डोक्यात बसत नव्हतं. एवढे दाट केस आणि रुपयाएवढं तेल? आम्हाला वर्कशॉपात सवय, मापल्याशिवाय विश्वास नाही. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं. माझा एक केस टाकला, तो वरच तरंगत राहिला. पोरीचा धुतलेला केस टाकला. तो हळूहळू निम्म्यापर्यंत गेला आणि तिथं थांबला. वर येईना, तळाला जाईना. आम्ही दोघं ग्लासाला नाक लावून बघत होतो. मी माझ्यापुरता अर्थ लावला. हा केस पाणी घेतो, पण वेळ लावून घेतो. आणि घेतलेलं सोडत नाही. म्हणून आधी भरपूर भिजवायचं आणि मग थोडंच तेल, आतलं पाणी आत राहण्यापुरतं. आता पोरगी मुंबईहून फोनवर सांगते की याला मिडियम पोरोसिटी म्हणतात, नातीचे केसही तसलेच. असेल. तिची आई त्याला काहीच म्हणत नव्हती, रविवारी करत होती.

मग रोज संध्याकाळी मोरीत. पाणी, वाट बघणं, बोटं. गंजलेल्या नटाला जोर लावला तर आटे जातात, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. स्वतःच्या पोरीच्या डोक्यावर मी सहा दिवस जोर लावत होतो. एका संध्याकाळी चार बोटं गुंता सुटायचा. शुक्रवारी अर्धी चटई गेली. शनिवारी डाव्या कानामागची एक गाठ सोडली तर सगळं डोकं मोकळं. ती गाठ मात्र दगड झाली होती. पोरीची मान आखडली होती, माझी कंबर. म्हटलं, राहू दे. केस खाली पडले की झाकेल.

रविवारी अकराला मेहुणी आली. हातात रेक्झिनची मोठी पिशवी, रिकामी. पोरीचे कपडे भरायला आणलेली. पिशवी तिनं दाराजवळ ठेवली आणि पोरीला म्हणाली, "ये, बस."

पोरगी पाठ करून बसली. केस सुटे होते, वेटोळी वेटोळी, वाळलेली. मेहुणीनं बांगड्या कोपरापर्यंत मागं सारल्या, मग हात घातला. कपाळापासून निघाला तो टाळूवरून मागं, खाली मानेपर्यंत. कुठं अडला नाही. दुसऱ्यांदा उजव्या बाजूनं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा. तिसऱ्यांदा डावीकडून. कानामागं बोटं थांबली.

"हे काय?"

"एकच राहिलीय, ताई."

तिनं पिशवीच्या कप्प्यातून बारीक दातांची फणी काढली, गाठीवर लावली आणि ओढली. पोरीची मान मागं आली, पण ती ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "मावशी, कोरडं नाही विंचरायचं. आईनं तुला सांगितलं नव्हतं?"

मेहुणीचा हात तसाच राहिला. मग ती बोलली, पण पोरीशी नाही, माझ्याशीही नाही. "लहानपणी तिच्या वेण्या मीच घालायची. कोरड्या. रोज. रडली की पाठीत धपाटा द्यायची. मला कुठं माहीत होतं."

मी तांब्याभर पाणी आणून ठेवलं. जवसाची वाटी ठेवली. पेटीतलं एक बनियन ठेवलं.

"हे कशाला?"

"टॉवेलच्या जागी. तिनं साठवलेली आहेत."

तिनं बनियन उचलून बघितलं. विरलेल्या काखेतून बोट घातलं. मग गाठीवर पाणी घातलं आणि थांबली. पुन्हा घातलं. मी सांगायच्या आधी पोरगी सांगत होती, "खालून, मावशी. टोकाकडून." एक तास लागला. गाठ मेहुणीनं सोडवली, मी नाही. सुटली तेव्हा तिनं ते केस बनियनमध्ये धरले आणि हलकेच दाबले, चोळले नाहीत. आणि मग त्या बनियनमध्येच तोंड घालून रडली. सुतकात ती बाई सगळ्यांना सांभाळत होती, स्वतः रडलेली मी बघितली नव्हती.

जेवून उठल्यावर म्हणाली, "मी महिन्याला येईन. आणि ही मोठी झाली की त्याच दिवशी मला कळवायचं. लाजून गप्प बसायचं नाही, भावजी."

"कळवीन."

चार वर्षांनी कळवलं. ती पहिल्या गाडीनं आली.

त्या रविवारी संध्याकाळी मी तिला स्टेशनवर पोचवायला गेलो. रिकामी पिशवी मीच धरली होती. गाडीत तिच्या हातात दिली तेव्हा कुठं माझे खांदे खाली आले.

घरी आलो. उकाड्यानं शर्ट काढून खुंटीला लावला. पोरगी आली आणि माझ्या काखेकडे बघायला लागली.

"हे विरलंय."

"अजून दोन महिने जाईल."

"नाही जाणार," ती म्हणाली आणि हात पुढं केला.

मी बनियन काढून दिलं.