कुहीच्या शेतातली एकच तार

नागपूरच्या मनोहररावांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी समजूत घालायला बसणार नाही.

जळगावात माझ्या घराच्या भिंतीला लागून लाकूड कापायची गिरणी आहे. तिची मोटर सुरू झाली की माझ्या रेडिओत नुसती खरखर. सकाळची नेट (आम्हा हौशी रेडिओवाल्यांची हवेवर भरणारी बैठक) मी सुरू केली आणि मीच चालवत होतो. दूरचे बारीक आवाज मला ऐकू येईनात, तेव्हा ती मनोहररावांकडे गेली. सीताबर्डीच्या भर बाजारात राहूनही त्यांना सगळं स्वच्छ ऐकू यायचं. हे कसं, असं विचारलं तर म्हणाले, मी बनवलेला डबा. मोठी तार माणसाचा आवाज आणि खरखर दोन्ही पकडते. मोटरजवळची छोटी तार फक्त खरखर पकडते. डबा ही छोट्या तारेतली खरखर उलटी करून मोठ्या तारेच्या आवाजात मिसळतो आणि खरखर खरखरीला खाते. तत्त्व मला पटलं. घासाघीस करून डबा मागवला. छोटी तार गिरणीच्या पत्र्यावर, भिंतीवर, परसात, सगळीकडे बांधून पाहिली. खरखर दबायची, पण तिच्याबरोबर माणसंही दबायची.

दिवाळी आटोपताच डबा मांडीवर घेऊन गाडीत बसलो. समोरच्या बाईंनी आत काय आहे म्हणून विचारलं. काही नाही, म्हटलं, आणि ते खरंच होतं.

नागपूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी भांडून भाडं उतरवलं. तो इतक्या लवकर कबूल झाला, की अजून उतरलं असतं अशी रुखरुख सीताबर्डीपर्यंत लागून राहिली. तिथे तर्री (झणझणीत रस्सा) घातलेले पोहे खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं, पण पोहे उत्तम होते. तेवढं नागपूरला दिलंच पाहिजे.

मनोहररावांच्या दुकानात त्यांचे मेहुणे बसले होते. भाऊजी गावाला गेले, कधी येतील सांगता येत नाही, असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी गच्ची पाहायला मागितली. दोन्ही तारा होत्या, पण खाली रेडिओकडे जाणारी केबल वेटोळं करून खिळ्याला टांगलेली, आणि वेटोळ्यात चिमणीचं घरटं. कोणतं गाव, असं मी जरा आवाज चढवून विचारलं. मेहुणे म्हणाले, कुही.

एसटीने कुही गाठलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या (भाताची खाचरं), धान कापणीला आलेलं. विजेचे खांब गावातच संपले. पुढे पायवाटेने गेलो, तर मनोहररावांच्या शेतावर उंच बांबूला एकच तार. झोपडीत ट्रकच्या बॅटरीवर रेडिओ. बाहेर धान कापणाऱ्या बाईला मी विचारलं, साहेब इथे कधीमधी येतात का?

"कधीमधी काहून जी? रोज सकाळी इथंच बोलून राहिले. शयरात त्यायले काही आयकूच येत नाही म्हणते."

मनोहरराव बाहेर आले, मला पाहून थबकले, आणि लगेच हसले. "अरे, या या! कळवलं काहून नाही?"

मी डबा त्यांच्या पायाशी ठेवला. "दुसरी तार कुठंय?"

"तत्त्व तर बरोबर आहे ना. तुमची तार बांधायची जागाच चुकली असन."

"तुमची कुठं बांधलीय?"

ते धानाकडे बघत राहिले. "इथं लागतच नाही."

त्यांनी जेवायचा आग्रह केला. वडाभात होता, आणि मी उपाशी होतो. जेवलो, हात धुतले, आणि भांडण पुन्हा सुरू केलं. शेवटपर्यंत ते तत्त्वावरच बोलत राहिले.

परतीच्या गाडीत स्वतःचाही राग आला. हवेवर माणूस जे ठिकाण सांगतो ते आपण खरं मानतो, उलट विचारणं असभ्य समजतो. या सभ्यतेपायी आपण सगळ्यांनी रोज सकाळी ‘सीताबर्डीहून बोलतोय’ ऐकलं आणि वाहवा केली. गिरणी अजून चालू आहे. माझी बैठक अजून त्यांच्याकडे आहे.

म्हणून मनोहरराव, जी नेट माझी होती तिच्यावर, सगळे ऐकत असताना सांगा: तुम्ही कुठून बोलता? आणि तुमच्या डब्याने एकदा तरी, एका तरी गिरणीची खरखर घालवली आहे का?