ओवीच्या ठेक्यावर फिरलेला कॅमेरा

बर दुबईतल्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाची रंगीत तालीम चालली होती आणि पडद्यावर माझ्या पणजोबांची फजिती होत होती. मूकपटांच्या काळात ते कॅमेरामन होते. हाताने हँडल फिरवण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली, पण रिळं आगीत खाक झाली. उरला तो नदीवरून घागर घेऊन येणाऱ्या एका बाईच्या चित्रणाचा तुकडा. मी तो मोठ्या कौतुकाने मंडळाला दिला, तर त्यांनी तो आजच्या वेगाने, सेकंदाला चोवीस चित्रांनी पळवला. बाई टुणटुण उड्या मारत होती, मागे ढिनचॅक म्युझिक, आणि सगळे पोट धरून हसत होते.

माझं डोकंच फिरलं.

"वेग कमी करा आणि ते म्युझिक काढा," मी म्हणाले.

"वहिनी, टेन्शन कशाला? कॉमेडी फिलर आहे. पब्लिक हसलं की खलास!" कार्यक्रमप्रमुख म्हणाले. "आणि जुन्या फिल्म्स अशाच असतात."

अशाच असतात म्हणे! जबल अलीतल्या गोदामांचे सेफ्टी व्हिडिओ एडिट करून मी पोट भरते, आणि हे मला शिकवणार! हँडल एकसारखं फिरावं म्हणून पणजोबा त्यांच्या आईची जात्यावरची ओवी गुणगुणायचे. रुवैसच्या रिफायनरीतून सुट्टीला घरी आले की माझे वडील ती मला म्हणून दाखवायचे. शब्द बरेचसे हरवलेत, ठेका पक्का आहे.

"तुकडा माझा आहे. माझ्या वेगाने दाखवा, नाहीतर मी घेऊन चालले," असं म्हणून मी लॅपटॉपच पुढ्यात ओढला. त्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्याला आठ चित्रं निघत. सगळ्यांदेखत, मोठ्याने ओवी म्हणत मी तिच्या ठेक्यावर फेरे जुळवले: सेकंदाला दोन, म्हणजे सोळाच चित्रं. माझा गळा काही गोड नाही. कोणी फिदीफिदी हसलं, हसू दिलं.

"स्लो होतंय," प्रमुख पुटपुटले.

"होऊ दे."

संध्याकाळी हॉल भरला. म्युझिक नव्हतं. बाई आली, वाटेत थांबली, कमरेवरची घागर सावरून पुन्हा निघाली. घागर जड होती हे आता कळत होतं. कोणीच हसलं नाही.

"मम्मा, शी इज जस्ट वॉकिंग," शेजारी बसलेली माझी मुलगी कुजबुजली.

"हो," मी म्हणाले. "तुझ्या खापरपणजोबांनी तिला चालतानाच टिपलं होतं."