लाल दिवा लुकलुकताना हात लावू नका!

चाळीत कांदा साठतो तसे आमच्या वर्कशॉपात किस्से साठतात. तळातला एक ओढला की वरचे दहा घरंगळत येतात!

मी आणि संतोष अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकत्र शिकलो. आता जुन्नरला ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप उघडणारे डबे बनवतो. शेतातले सगळे डबे एकाच वायरीवर. डब्याचा प्रोग्रॅम बदलायचा तर त्याच वायरीतून नवा पाठवायचा. आतला बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम तो उतरवून घेतो, तोवर डब्यावरचा लाल दिवा लुकलुकतो. डबे विकतात पोपटशेठ. त्यांची अट एकच, "एक डबा जरी शेतात मेला, तर सगळा माल परत!" तसं झालं असतं तर वर्कशॉपला कुलूपच लागलं असतं.

*

संतोषने शेठना समजावलं, "बूटलोडर आलेला प्रोग्रॅम तपासतो. जरा जरी कमी भरला तरी चालू करत नाही."

"म्हणजे तराजूत घातल्याशिवाय माल घ्यायचा नाही! यात नवीन काय? आमचे आजोबा हेच करायचे!"

*

पिंपळवंडीला दत्ताभाऊंच्या द्राक्षबागेत आम्ही घाईघाईत दोन डब्यांना एकच नंबर दिला. लॅपटॉपने चार नंबरला हाक मारली की दोघं एकदम बोलायचे, कळायचं काहीच नाही. भाऊ शांतपणे म्हणाले, "ग्रामसभा झाली की राव! आता एकाला खाली बसवा."

*

त्याच बागेत एकदा अपडेट अर्ध्यावर असताना सगळं बंद! भाऊंच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मेन स्विच पाडला होता.

"लाल दिवा लुकलुकत व्हता. मोटर जळंल की! आमी आधी स्विच पाडतो, मग इचारतो!"

संतोषचा चेहरा पडला. मी मात्र बिनघोर होतो. स्विच वर केला, तर बूटलोडर जागच्या जागी वाट बघत होता. प्रोग्रॅम पुन्हा पाठवला. वहिनींना शेठच्याच भाषेत सांगितलं, "माल तराजूत होता, वहिनी."

"मग काय बिघडलं?" म्हणून त्यांनी चहा टाकला.

*

आणि मग बूटलोडरच बदलायची वेळ आली. इथे मात्र माझीही टरकली होती. मध्येच वीज गेली तर नवा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला आत कोणीच नाही, डबा कायमचा मेला. आम्ही वहिनींनाच राखणीला स्विचखाली खुर्ची टाकून दिली.

शेवटच्या डब्याचं काम चालू होतं आणि नेमके पोपटशेठ बाग बघायला आले. लाल दिवा दिसला. "अरे, जळतंय!" म्हणत त्यांचा हात थेट स्विचकडे गेला.

वहिनींनी बसल्या जागी शेठचं मनगट धरलं.

"शेठ, माल अजून तराजूत हाये. हात काढा!"