डोहाळजेवणाची आगंतुक पाहुणी

मनीषा मेली ती गेल्या वर्षीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, हर्सूलकडून शहरातल्या मोठ्या दवाखान्याकडे निघालेल्या रिक्षात. डोकं आईच्या मांडीवर होतं आणि बाळ पोटातच होतं. 'देवाघरी गेली' असं लिहिण्याची मला सवय नाही, म्हणून सरळ लिहिते. तिच्यावर अन्याय झाला, आणि तो कुणा एकानं केला नाही. दोन घरांनी, दोन गावांनी आणि दोन्हीकडच्या आरोग्याच्या माणसांनी मिळून केला. तिचं सासर सोयगावकडचं, माहेर हर्सूलच्या पुढचं. सासरचे म्हणायचे, आता ती माहेरी. माहेरचे म्हणायचे, ती सासरची. मधल्या रस्त्यावर ती कुणाचीच नव्हती.

आमच्या संघटनेनं पत्रक काढलं. मथळा होता 'मनीषाला कुणी मारलं?' मीच लिहिलेलं, आणि ते घेऊन सोयगावला आरोग्य कार्यालयाच्या फाटकाशी मीच उभी होते. पत्रक वाटणाऱ्याला माणसं पटकन कळतात. कुणी घेऊन खिशात कोंबतं, कुणी पुढच्या वळणावर टाकून देतं, कुणी हातच पुढे करत नाही. त्या दिवशी पन्नाशी ओलांडलेल्या एका उंच बाईंनी ते घेतलं आणि उन्हात उभ्या राहून पाठपोट वाचून काढलं. मग म्हणाल्या, "चांगलं लिहितीस. पण यात माहेर कुठंय?"

या विमल सिस्टर. तालुक्यातल्या नर्सबायांवर देखरेख करणं हे त्यांचं काम, म्हणून गावोगाव त्यांना 'मोठ्या सिस्टर' म्हणत. मी म्हटलं, म्हणजे हे पत्रक तुमच्याबद्दलच आहे. "व्हय, तिसऱ्या ओळीत मीच आहे की," त्या म्हणाल्या, "ती ओळ राहू दे. पण माहेर नाय त्यात."

समोरच्या टपरीवर उभ्यानंच चहा पीत त्यांनी मनीषाची सगळी हकिगत सांगितली. बीपी वाढल्याचं सासरच्या नर्सनं ओळखलं होतं. तिनं सासूला बजावलं होतं. सासूनं ते विहिणीला सांगितलं नाही, कारण सून आजारी आहे म्हणून कळवायचं म्हणजे आपणच तिला आजारी पाडल्याची कबुली द्यायची. मनीषा माहेरी गेली. तिथं तिचा चेहरा सुजायला लागला, हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या, आणि आई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, बघा, माहेरचं अन्न कसं अंगी लागलं पोरीच्या. शेजारणींनाही ते पटलं. सासरी वाळलेली लेक माहेरी भरून आली, यापेक्षा आईला काय हवं असतं? मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झटके आले.

मी म्हटलं, म्हणजे सरकार सुटलं का? विमल सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून चड्डीत फिरणारी पोर आहे. "सरकारला शिव्या दे की. डॉक्टरची जागा रिकामी आहे, दवाखान्याची गाडी फोन करूनबी येत नाय, सगळं खरं. मी अर्ज देते, तू शिव्या दे. पण त्या अर्जाला उत्तर येईपर्यंत पोरी माहेरी जायच्या थांबणार आहेत का?"

त्यांना बसता यायचं नाही. खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीला पर्स अडकवायच्या आणि उभ्याच राहायच्या. शहरात उस्मानपुऱ्यात त्यांचं घर होतं, पण तिथं त्या रविवारपुरत्या असायच्या आणि त्या दिवशीही कपडे वाळत घालता घालता फोन खांद्यात धरून कुणाला तरी झापत असायच्या. "बसलं की झोप येती, आणि झोप आली की कुणीतरी निसटतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आशाताईंच्या बैठकीत कुणी सहज म्हणालं की अमकी गेली माहेरी, तर त्यांचा पुढचा प्रश्न तयार असायचा. गेली म्हणजे कुणाच्या हातात दिली? नाव सांग. गावाचं नको, माणसाचं सांग.

त्यांच्या डोक्यातून डोहाळजेवणाची कल्पना निघाली तेव्हा मला ती खुळेपणाची वाटली होती. त्या म्हणाल्या, सातव्या महिन्यात सासर आणि माहेर एका छताखाली कुठं येतं? डोहाळजेवणाला. ओटी भरून झाली की तिथूनच पोरगी माहेरच्या गाडीत बसती. मग आपण तिथंच जायचं. मी विचारलं, आपल्याला बोलावणार कोण? "बोलवायची वाट बघितली तर बारशालाच जावं लागंल," त्या म्हणाल्या, आणि वर जोडलं, "नायतर तेराव्याला."

पहिल्याच ठिकाणी आमची फजिती झाली. सोयगावजवळचं चांगलं जमीनजुमल्याचं घर होतं. झोपाळा सजवलेला, पोरगी हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने, बायका गाणी म्हणतायत. विमल सिस्टर तडक झोपाळ्याशी गेल्या, पोरीच्या दंडावरचा फुलांचा बाजूबंद वर सरकवून बीपीचा पट्टा आवळला आणि आकडा बघून सगळ्यांसमोर म्हणाल्या, वाढलंय. गाणं तिथंच थांबलं. कुणीतरी नजर लागली म्हणालं, कुणी मीठमोहऱ्या आणायला आत पळालं. सासूबाईंनी शांतपणे विचारलं की चांगल्या कामात अपशकुन करायला तुम्हाला कुणी बोलावलं होतं. आम्ही पानावर न बसता बाहेर पडलो. एसटीत विमल सिस्टरांनी बीपीचा पट्टा गुंडाळून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. आधी मान सासूचा असतो, मी सुनेला धरलं."

पुढच्या डोहाळजेवणापासून त्या शिरल्या शिरल्या सासूकडे जायच्या. विहीणबाई, दंड पुढं करा, आधी तुमचं बघू. सासू लाजत, पदर सावरत दंड पुढे करायची. सासूचं झालं म्हटल्यावर माहेरची विहीण कशी मागे राहील? मग आत्या, मग मावशी, मग शेजारणी, आणि त्या रांगेत मधेच कुठंतरी ती पोटुशी पोरगी. नजर लागायचा प्रश्नच उरायचा नाही. निम्म्या सासवांचं स्वतःचंच बीपी वाढलेलं निघायचं, आणि पापड-लोणच्यावरून विमल सिस्टरांची बोलणी खाताना त्यांना फार बरं वाटायचं. कुणीतरी माझ्याकडे बोट करून हमखास विचारायचं, हिचं डोहाळजेवण कधी? "हिचं लगीन पत्रकाशी लागलंय," सिस्टर सांगायच्या, "पोरं झाली तर छापील होतील."

माझं काम जीपवाल्यांशी बोलायचं होतं. मुलीला न्यायला माहेरहून गाडी येते, तिच्यात माहेरच्या गावची आशाताई बसलीच पाहिजे, एवढाच आमचा हट्ट. गाडीत आधीच कोंबून भरलेल्या काकवांना उठवून आशाताईला जागा करणं हे मोर्चा काढण्यापेक्षा अवघड आहे, हे मी अनुभवानं सांगते. तिकडे उस्मानपुऱ्यातल्या आपल्या गल्लीतल्या एका बाळंतपणाच्या डॉक्टरबाईंच्या मागे विमल सिस्टर हात धुऊन लागल्या. आशाताईचा फोन आला तर तुम्ही स्वतः उचलायचा, कंपाउंडरनं नाही. पेशंट आपल्याला झेपणारी नसेल तर सरकारी दवाखान्यात तुम्हीच बोलून ठेवायचं. डॉक्टरबाई आधी चिडल्या, मग कंटाळल्या, आणि शेवटी उचलायला लागल्या. खाजगी डॉक्टर, सरकारी सिस्टर आणि दोघांनाही शिव्या देणारी मी, अशी आमची वरात होती.

पंगत उठायच्या आधी सिस्टर दोन्ही गावच्या आशाताईंना मधोमध उभं करायच्या, एकमेकींना कुंकू लावायला सांगायच्या आणि लग्नातल्यासारखी गळाभेट करायला लावायच्या. याला त्या 'आशांची विहीणभेट' म्हणत. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग सासरची आशा सगळ्यांच्या देखत म्हणायची, ही तुला दिली. आणि तिला काय त्रास आहे ते सांगायची. माहेरची म्हणायची, घेतली. त्या वेळी मात्र कुणी हसायचं नाही.

सविताचं डोहाळजेवण मी विसरू शकत नाही. मेंढपाळाचं घर, सोयगावच्या पलीकडची वस्ती. नवरा आणि सासरा मेंढरं घेऊन लांब गेलेले, घरात सासूचंच राज्य. रांगेत सविताचा नंबर आला आणि विमल सिस्टरांचा चेहरा बदललेला मला दिसला. आकडा त्यांनी मोठ्यानं सांगितला नाही. पट्टा सोडला, पुढचीचा दंड बघितला, आणि रांग संपल्यावर सासूला घेऊन घरामागे कोकरांच्या कुडाशी गेल्या. मी मागोमाग. तिथं कळलं की सविताचं बीपी वाढलंय हे सासूला नवीन नव्हतं. गावच्या नर्सनं तिला आधीच सांगितलं होतं.

विमल सिस्टर म्हणाल्या, हे आज तुमच्या तोंडून विहिणीला कळलं पाहिजे. आशाताई सांगेल, मीही सांगेन, पण आमचं बोलणं दोन दिवसांत विसरतील.

"माझ्या तोंडानं कशाला?" सासू म्हणाली. "म्हणतील, आमची पोर राबवून राबवून आजारी केली. जलमभर ऐकावं लागंल मला."

"ऐका मग जलमभर. पोरगी राहिली तर ऐकवायला तरी येतील ते. नाय राहिली तर दारातबी यायचे नायत."

सासूनं कुडाचं दार ओढून घेतलं. मग घरात गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या पोरीचं बीपी वाढलंय. मला ठाव होतं. मी बोलले नाय."

तिला ज्याची भीती होती तेच झालं. सविताच्या आईनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि सुरुवात केली. लग्नातल्या मानपानापासून ते विहिरीवरून पाणी कोण आणतं इथपर्यंत सगळं निघालं. सासूनंही मागे ठेवलं नाही. पुरणपोळ्या निवल्या, सविता रडायला लागली, बाहेर जीपवाला हॉर्न वाजवून थकला. मी मधे पडायला निघाले तर विमल सिस्टरांनी माझं मनगट धरलं. "भांडू दे," त्या हळूच म्हणाल्या. "सांगितलेलं माणूस विसरतं. भांडलेलं विसरत नाय."

मला ते क्रूर वाटलं होतं. पण पुढे काय झालं ते सविताच्या आईनंच मला सांगितलं. माहेरी एका सकाळी सविताचा चेहरा भरलेला दिसला. शेजारीण दारातूनच म्हणाली, माहेर मानवलं बाई पोरीला. आणि आईच्या कानात ते सगळं भांडण पुन्हा वाजायला लागलं. तिनं शेजारणीला उत्तरही दिलं नाही. तशीच अनवाणी आशाताईच्या घरी गेली. आशाताईनं पट्टा लावला, डॉक्टरबाईंना फोन केला, डॉक्टरबाईंनी मोठ्या दवाखान्यात कळवलं. सविता पोचली तेव्हा तिथं तिची वाट बघणारं कुणीतरी होतं. बाळ दिवस भरायच्या कितीतरी आधीच काढावं लागलं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. दोघी वाचल्या.

मी बघायला गेले तेव्हा नवजात बाळांच्या कक्षात सविताची सासू खुर्चीत बसली होती आणि ते एवढंसं बाळ तिच्या उघड्या छातीशी, पदराखाली बांधलेलं होतं. इतक्या लहान बाळाला ऊब मिळावी म्हणून तसं धरतात. सविताला उठता येत नव्हतं, म्हणून दोघी आज्या आळीपाळीनं बसत होत्या. दोघी अजूनही एकमेकींशी बोलत नव्हत्या. थोड्या वेळानं सविताची आई पुढे आली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, आता माझी पाळी.

मी विमल सिस्टरांना म्हटलं, आता तरी पेढे खाऊ. त्या दारातूनच आत बघत होत्या. सविता बाळासाठी दूध काढून देते का म्हणून त्यांनी नर्सला विचारलं, ऐकून घेतलं आणि वळल्या. मला म्हणाल्या, "पेढे राहू दे. सिल्लोडकडची एक आज माहेरी निघालीय आणि तिच्या गाडीत आशाताई बसलेली नाय. चल."

त्यानंतर त्यांची बदली झाली. आमची जिथं फजिती झाली होती त्या घरानं वर तक्रार केली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. खाजगी समारंभात घुसणं, दुसऱ्याच्या हद्दीत हस्तक्षेप, वगैरे. हद्द. माझी ही आवडती चीड आहे. बाई हद्द ओलांडून माहेरी जाते, तिचं बीपी हद्द ओलांडून जातं, आणि तिच्या मागे जाणाऱ्या सिस्टरला मात्र हद्द दाखवली जाते. परजिल्ह्यात एका प्रशिक्षण केंद्रात त्यांना टेबलाचं काम दिलं. मी पेटले होते. विमल सिस्टर हसल्या. बदली म्हणजे काय ग, म्हणाल्या, सासर बदललं एवढंच.

मी पत्रक लिहायला घेतलं, मोठ्या अक्षरात त्यांचं नाव टाकून. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. फोन आला. "माझं नाव काढ. ती बाई होती म्हणून होत होतं, असं म्हणून लोक मोकळे होतील. ती बाई नसताना व्हायला पाहिजे." मी वाद घातला, बराच घातला. शेवटी पत्रकातून नाव काढलं. हा लेख मात्र त्यांना न विचारता लिहिलाय, आणि यावर त्या मला बोलतील. बोलू देत.

त्यांची जागा अजून रिकामी आहे. काही आशाताई स्वतःहून विहीणभेट करतात, काहींना गाडीत जागा मिळत नाही, काहींना दारातूनच परत पाठवतात. जागा भरा म्हणून आमचं भांडण चालू आहे आणि चालू राहील. ते आमच्यावर सोडा.

तुमच्याकडून मला दुसरं काम हवंय. हे वाचून तुम्हाला भरून आलं असेल तर त्याचा कुणाला काही उपयोग नाही. तुमची सून बाळंतपणाला माहेरी गेली असेल किंवा निघाली असेल, तर तिच्या आईला फोन लावा. सूज आहे, डोकं दुखतं, रक्त कमी आहे, बीपी वाढलंय, मागच्या खेपेला त्रास झाला होता, जे असेल ते त्याचं नाव घेऊन सांगा. लेक तुमच्याकडे आली असेल, तर तिच्या सासूला तुम्ही विचारा. त्या चिडतील, तुम्ही पोरीला राबवलं म्हणतील, जुनं उकरून काढतील. काढू द्या. पण अर्ध्यावर गप्प बसू नका, सगळं सांगा. हा अंक बाजूला ठेवा आणि आत्ता फोन लावा.