लोरेनने वाटा मागितला

परवा सकाळी तारकर्लीच्या किनाऱ्यावर माझ्या पाहुणीने सगळ्या गावासमोर मला मान खाली घालायला लावली... निदान तेव्हा तरी मला तसंच वाटलं. आज मालवणात बाजाराला आलेच आहे, तर सायबर कॅफेत बसून लिहूनच टाकते. नाहीतर डोक्यातून जायचं नाही.

आमच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नवरा जहाजावर, त्यामुळे रांधण्यापासून इंग्रजी फाडण्यापर्यंत सगळं मीच रेटते. या आठवड्यात अमेरिकेहून एक बाई आली होती, लोरेन. पन्नाशी ओलांडलेली, पाठीवर दोन वेण्या, हसणं एकदम मोकळं. मुंबईत आदिवासींच्या हक्कांची कसलीशी मोठी सभा होती, ती आटोपून समुद्र बघायला आलेली.

आल्या आल्या तिने सांगितलं की ती तिथल्या मूळ लोकांपैकी, गोरे यायच्या आधीपासूनची. मी आ वासून बघतच राहिले. मला वाटायचं, ती माणसं कधीच संपली, सिनेमात पिसं लावून घोड्यावर असतात तेवढीच उरली... आणि इथे त्यातली एक माझ्या पडवीत बसून घावणे खात होती! त्यांची चळवळ आहे म्हणे. आपली जमीन, आपली नदी, आपली भाषा परत मागणारी. मी 'हो का' म्हणून चटणी वाढली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. मला वाटलं, संधिवात असेल.

परवा रापण होती. म्हणजे होडीतून समुद्रात मोठं जाळं सोडायचं आणि त्याचे दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे. पाहुण्यांना मी नेहमी नेते, दोर धरून फोटो काढतात आणि खूश होतात. लोरेनने मात्र एकही फोटो काढला नाही. ती पाय रोवून ओढत होती, शेजारी मी.

ओढता ओढता तिने विचारलं, मासे शेवटी कोणाचे? मी फुशारकीने सांगितलं, आमच्याकडे ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा मिळतो, मग तो कोणीही असो. सांगायचं ते सांगून गेले बाई...

जाळं वर आलं, पण मासळी बेताचीच. हल्ली बाहेरचे ट्रॉलर किनाऱ्याला चिकटून सगळं ओरबाडून नेतात, त्यामुळे सगळ्यांची तोंडं उतरलेली. रापणीचे प्रमुख आमचे दाजी, म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांनी वाळूवर वाटे घातले, ज्याने त्याने आपापला उचलला. आणि लोरेन सरळ पुढे जाऊन दाजींसमोर हात पसरून उभी राहिली. माझा वाटा कुठे आहे, असं विचारते!

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पैसे मोजून राहणारी, विमानाने आलेली बाई, आणि गरिबांच्या चार बांगड्यांत वाटा मागते? मागून कोणीतरी पुटपुटलंच. मी तिचा दंड धरला, म्हटलं, घरी चल, हवे तेवढे मासे तळून घालते. ती जागची हलेना.

"ही काय म्हणता गो?" दाजींनी मला विचारलं.

"वाटो मागता," मी कशीबशी म्हणाले.

मग तिने आपला हात वर धरला, ती वाकडी बोटं दाखवली, आणि मला म्हणाली, यांना नीट सांग. मी एकेक वाक्य मालवणीत सांगत गेले. त्यांची नदी, आपल्या रावसासारखे मासे समुद्रातून वर चढतात अशी. मासे धरायचा हक्क तुमचाच, असं सरकारने करारात लिहून दिलेलं. तरी पोलीस आले. बापाला, काकांना काठ्यांनी झोडपून तुरुंगात टाकलं, जाळी कापली. ही लहान पोर, जाळं सोडीना, म्हणून हिच्या बोटांवर दांडका हाणला.

मासे धरले म्हणून? स्वतःच्या नदीत? अमेरिकेत? मला दोनदा विचारून खात्री करून घ्यावी लागली.

"मगे? गावली काय नदी?" दाजींनी विचारलं.

ती म्हणाली, नदी नाही मिळाली. पण माणसं पुन्हा पुन्हा जाळं टाकत राहिली, तुरुंगात जात राहिली, कोर्टात भांडत राहिली. शेवटी कोर्टाने सांगितलं, अर्धे मासे यांचे. "मागितले म्हणून मिळाले," ती म्हणाली. "आपण होऊन कोणी दिले नाहीत."

दाजींनी स्वतःच्या वाट्यातले बांगडे उचलले आणि तिच्या ओंजळीत घातले. ती तिथेच वाळूवर बसली आणि ते मासे छातीशी धरून रडली. मी पण रडले, लपवायचं काय त्यात.

काल ती गेली. आज सकाळी पुन्हा रापण होती, पाहुणे कोणी नव्हते, तरी मी गेले. दोर ओढला, वाटे पडले, सगळ्यांनी उचलले, आणि मी सवयीने साडी झटकून घरी निघाले. चार पावलं गेले असेन... आणि लख्ख डोक्यात आलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हा दोर ओढतेय. ही तर पाहुण्यांबरोबर येते, हिला वाटा कशाला, असं सगळ्यांनी धरलेलं. मीही तेच धरलेलं.

मागे वळले. दाजींसमोर जाऊन हात पसरला.

"दाजी, माझो वाटो?"

दाजींनी खाली वाकून माझ्यासाठी वाळूवर वाटा घातला.

"इतकी वर्सां गप कित्याक रवलंस गो?"

मागायचं मला कधी सुचलंच नव्हतं. मी वाकून बांगडे पिशवीत भरले.

बांगडे पिशवीत आहेत, आता घरी जाऊन त्यांचं झणझणीत तिखलं करणार आहे. लोरेनबाई, तू हे वाचणार नाहीस, वाचलंस तरी कळणार नाही. पण आजचा पहिला घास तुझ्या नावाने.