आईनं बगीच्यात अंथरलेली चटई

परवा संत्र्याच्या फुलांचा वास आला आणि मला पांढुर्ण्याजवळचा आमचा बगीचा आठवला. नव्या झाडांच्या नादात बाबांनी चर्चला येणं सोडलं होतं. एका रविवारी आई बायबल आणि आम्हा बहिणींना घेऊन बगीच्यात गेली. बाबांसमोर तिनं चटई अंथरली.

"हे काय करून रायली?" बाबांनी विचारलं.

"तुमी या झाडाईलेच देव करून बसले. मंग आमी बी इथंच प्रार्थना करतो," आई शांतपणे म्हणाली.

बाबांनी फावडं ठेवलं, हात धुतले आणि चिखलाच्या पायांनीच ते आमच्यासोबत चर्चला निघाले. तेव्हा मला त्या पायांची लाज वाटली होती. आज वाटतं, त्या दिवशी त्यांच्याइतके मनापासून गुडघे कोणीच टेकले नसतील.